काळतोंड्याला मुसकं : १६१७ साली रेचल स्पेटने दिलेलं उत्तर

निळी शाई (धागाकर्ती)

१६१५ साली लंडनमध्ये बायकांना शिव्या घालणारं एक पुस्तक निघालं आणि हातोहात खपलं. लेखक जोसेफ स्वेटनम हा पेशाने तलवारबाजीचा शिक्षक. पुस्तक काढताना त्याने नाव लपवलं आणि ‘टॉमस टेलट्रोथ’, म्हणजे खरं सांगणारा टॉमस, असं टोपणनाव घेतलं. पुस्तकाच्या लांबलचक नावाचा अर्थ साधारण ‘चवचाल, आळशी, हेकट आणि चंचल बायकांवरचा खटला’ असा. पुढच्या वीस-बावीस वर्षांत त्याच्या दहाएक आवृत्त्या निघाल्या.

आत काय आहे? जुन्या म्हणी, चुटके, इकडून तिकडून उचललेली वचनं आणि वरून बायबलचा मुलामा. पहिल्याच प्रकरणात तो म्हणतो, मोशेने लिहिलंय की स्त्री पुरुषाची मदतनीस म्हणून निर्माण झाली. आणि ती मदत करतेच, पुरुषाने कष्टाने मिळवलेलं उडवायला. पुढे म्हणतो, स्त्री आदामाच्या बरगडीपासून झाली, बरगडी वाकडी, म्हणून बाई जात्याच वाकडी. शेवटचा भाग विधवांवर आहे आणि त्याला अस्वलाच्या खेळाचं नाव दिलंय. त्या काळी लंडनमध्ये अस्वल खांबाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचे आणि लोक पैसे मोजून ते बघायचे. विधवांबद्दल लिहिताना या माणसाला तो खेळ आठवला, यावरूनच पुस्तकाची जात कळते.

या पुस्तकाला १६१७ मध्ये एकापाठोपाठ तीन उत्तरं छापली गेली, तिन्हींवर बायकांची नावं. त्यातली दोन टोपणनावं आहेत. पण सगळ्यात आधी उत्तर देणारी मुलगी खरीखुरी होती आणि तिने पुस्तकावर स्वतःचं नाव घातलं होतं. तिचं उत्तर म्हणजे स्त्रियांच्या योग्यतेचा कैवार, आणि हा धागा तिच्यासाठी काढलाय.

रेचल स्पेट. लंडनमधल्या एका धर्मोपदेशकाची मुलगी, वय विशीच्या आसपास, लग्न व्हायचं होतं. तिच्या पुस्तकाचं नाव ‘काळतोंड्याला मुसकं’. सुरुवातीलाच एक कविता आहे, तिच्या ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की ‘जोसेफ स्वेटनम’ हे नाव तयार होतं. तोवर त्याचं खरं नाव उघड झालेलं होतं. हिने ते असं ओवून ठेवलं.

स्त्रियांची बाजू घेणारी पुस्तकं इंग्रजीत त्याआधीही होती. क्रिस्टीन द पिझान या फ्रेंच लेखिकेच्या ‘स्त्रियांची नगरी’ या पुस्तकाचं भाषांतर १५२१ मध्ये छापलं गेलं होतं, टॉमस एलियटने १५४० मध्ये ‘सद्गुणी स्त्रियांची बाजू’ लिहिली होती. या परंपरेचा ठरलेला मार्ग म्हणजे याद्या: अमकी पतिव्रता, तमकी शूर राणी, अमुक एक विदुषी. कुणी वाईट बायकांची यादी दिली की आपण चांगल्यांची द्यायची. रेचलचा भर यादीवर नाही. ती शास्त्रार्थ करते. ज्या ग्रंथाच्या जोरावर आरोप झालाय तोच ग्रंथ उघडून बसते आणि म्हणते, दाखव, कुठे लिहिलंय?

बरगडीचंच बघा. ती ॲरिस्टॉटलची चार कारणांची पद्धत घेते: वस्तू कुणी केली, कशापासून केली, कोणत्या रूपात केली आणि कशासाठी केली. स्त्रीला कुणी केलं? देवाने, आणि देवाच्या हातून वाईट वस्तू होत नाही. कशापासून? पुरुष मातीपासून झाला, स्त्री मात्र आधीच घडवलेल्या जिवंत देहापासून, म्हणजे तिचं द्रव्य अधिक शुद्ध. त्यातही आदामाच्या पायापासून नाही, की ती त्याच्याहून खालची ठरावी. डोक्यापासून नाही, की वरची ठरावी. कुशीतून, काळजाजवळून, की त्याच्या बरोबरीची व्हावी. कोणत्या रूपात? दोघंही देवाच्या प्रतिमेत. कशासाठी? देवाचा गौरव करायला आणि एकमेकांना साथ द्यायला. स्वेटनमने ज्या हाडावर बायकांचा वाकडेपणा उभा केला होता, त्याच हाडावर हिने बरोबरी सिद्ध केली.

मग चार आक्षेप घेऊन एकेकाचं खंडन करते. हव्वेने आधी पाप केलं? हो, पण आदाम अधिक बलवान होता ना? मग त्याने तिला अडवायला हवं होतं. शिवाय हव्वेने फळ दिलं ते नवऱ्याचं वाईट व्हावं म्हणून नाही, आपल्याला मिळालेलं त्यालाही मिळावं म्हणून. ‘पुरुषाने स्त्रीला स्पर्श न करणं बरं’ असं संत पौल म्हणतो? ते करिंथच्या लोकांना, छळाच्या दिवसांत दिलेला सल्ला म्हणून. शलमोन राजा म्हणतो की हजारांत एक पुरुष सापडला, पण स्त्री एकही सापडली नाही? इथे ती शलमोनाचं घर उघडून दाखवते: सातशे बायका आणि तीनशे उपपत्नी, ज्यांनी त्याचं मन देवापासून वळवलं. सातशे आणि तीनशे, झाले हजार. राजा आपल्या अंतःपुराचा अनुभव सांगतोय, जगातल्या स्त्रीजातीचा नाही.

शेवटी प्रश्नांची एक पुरवणी जोडलीय. त्यात स्वेटनमची वाक्यं धरून त्यातल्या व्याकरणाच्या चुका, तर्काच्या चुका आणि आपलंच म्हणणं आपणच खोडल्याच्या जागा दाखवल्यात. त्याच्या पुस्तकाला ना पद्धत, ना व्याकरण, नुसता गोपाळकाला, असं तिचं मत. विद्यापीठाचं दारही जिला बंद होतं ती मुलगी एका खपाऊ लेखकाची वही तपासते आणि नापास करते, हे वाचताना मला फार आनंद झाला.

एमएला सतरावं शतक शिकताना डन होता, मिल्टन होता, शेक्सपिअर तर होताच. रेचलचं नाव कुणी घेतलं नाही. तुमच्यापैकी कुणी वाचलंय का हिला?

कोकणकन्या

नावही ऐकलं नव्हतं. शलमोनाचा हिशोब वाचून उठून टाळ्या वाजवल्या. निळी शाई, ही मुलगी हे सगळं शिकली कुठे? चार कारणांची पद्धत वगैरे मुलींना शिकवायचे?

वाटसरू

लेख आवडला, पण थोडा विरोधी सूर लावतो. तो काळ चोपड्यांच्या धंद्याचा होता. बायकांना शिव्या घालणारी चोपडी काढायची, ती खपली की बायकांची बाजू घेणारी काढायची, दोन्हीकडून पैसे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर एडवर्ड गॉसिनहिल या एकाच माणसाच्या नावावर बायकांची निंदा आणि बायकांची स्तुती अशी दोन्ही पुस्तकं आहेत. १६४० मध्ये मेरी टॅटलवेल आणि जोन हिट-हिम-होम अशा नावांनी ‘बायकांचा सूड’ छापला गेला, तो बहुधा जॉन टेलर या पुरुषाचा. मग १६१७ ची तीन उत्तरं तरी बायकांची कशावरून? आणि याला ‘स्त्रियांच्या योग्यतेचा कैवार’ म्हणणं म्हणजे बाजाराला चळवळ म्हणणं नाही का?

निळी शाई

कोकणकन्या, तिच्या शिक्षणाचा तपशील फारसा मिळत नाही, पण लॅटिन आणि तर्कशास्त्र तिला येत होतं हे पुस्तकातूनच दिसतं. घरी वडील धर्मोपदेशक, म्हणजे घरात पुस्तकं असणार.

वाटसरू, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मी त्यात भरच घालते. रेचलचं पुस्तक काढणारा टॉमस आर्चर हा तोच पुस्तकविक्रेता, ज्याने स्वेटनमचं पुस्तक काढलं होतं! म्हणजे धंदा होताच. पण धंद्याने तिला व्यासपीठ दिलं, तिचे मुद्दे नाही दिले. आणि ती खरी होती याबद्दल शंका नाही. १६२१ मध्ये तिने दुसरं पुस्तक काढलं, आईच्या निधनानंतर लिहिलेलं, मृत्यूवरचं चिंतन. ते तिने आपल्या धर्ममातेला, मेरी माउंडफोर्डला अर्पण केलं. त्यात ती स्पष्ट सांगते की माझं पहिलं पुस्तक माझ्या वडिलांनी लिहिलं असं लोक म्हणतात, म्हणून हे दुसरं काढून मी माझा हक्क सांगते आहे. विचार करा, चार वर्षं ही मुलगी ऐकते आहे की हे तू लिहिलेलं नाहीस. आणि उत्तर काय देते, तर आणखी एक पुस्तक. त्याच्या सुरुवातीला एक स्वप्नकाव्य आहे: अज्ञान या आजाराने ती त्रस्त आहे, विद्येच्या शोधात निघते, आणि ‘निरुत्साह’ नावाचं पात्र तिला वाटेत अडवतं: तू मंद आहेस, वेळ नाही, बाईला हे जमायचं नाही. या पात्राला ती खोडून काढते.

बाजारात उतरलेल्या माणसाला स्वतःचं म्हणणं असूच शकत नाही, असं मी मानत नाही.

ग्रंथकीटक

बाकीच्या दोन उत्तरांबद्दल लिहितो, कारण ती वाचल्याशिवाय रेचल नीट कळत नाही.

दुसरं उत्तर ‘एस्तेर सॉवरनम’ या नावाने. स्वेटनममधल्या ‘स्वीट’ला, म्हणजे गोडाला, हिने ‘सॉवर’, म्हणजे आंबट, केलंय, आणि बायबलमधल्या एस्तेर राणीने हामानाला फाशी चढवलं तसं मी याला चढवते, असं पुस्तकाचं नावच सांगतं. मुखपृष्ठावर लेखिकेची ओळख अशी: ना कुमारी, ना पत्नी, ना विधवा, तरी खरं तर तिन्ही. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात स्वेटनमवर खटला भरलाय आणि न्यायाधीशाच्या आसनावर विवेक आणि अनुभव या दोन बायका बसवल्यात.

ही एस्तेर रेचलवर खूश नाही. धर्मोपदेशकाच्या मुलीने लिहिलेलं वाचलं, पण ती वारंवार आपलं वय लहान असल्याचं सांगते आणि तिचं उत्तरही तसंच तोकडं निघालं, बायकांची बाजू घेता घेता ती बायकांनाच दोष देते, असं सरळ म्हणते. दोघी एकाच बाजूच्या, पण गोडगोड बोलणं नाही.

वाकड्या बरगडीवरचं तिचं उत्तर मला रेचलपेक्षाही नेमकं वाटतं. बाईचा वाकडेपणा जर बरगडीतून आला, तर तो पुरुषाकडूनच आला. आणि त्याच्याकडे तर तसल्या बरगड्या कितीतरी जास्त आहेत, मग तो किती वाकडा असेल? देवानेच बायकांना ‘आवश्यक संकट’ म्हटलंय असं स्वेटनम ठोकून देतो, ते पवित्र शास्त्रात नाहीच, ग्रीक नाटककार युरिपिडीसचं आहे, हेही तीच पकडते.

आणि तिचा सगळ्यात मोठा मुद्दा दुहेरी मापाचा. पुरुषाने एखाद्या मुलीला फसवून गरोदर केलं तर ती तरुणपणाची खोडी, काही बिघडत नाही. मुलीचा मात्र कायमचा नाश. पुरुषांच्या चुका हलक्या, बायकांच्या भारी. पुढे ती याचा वापर कसा करते ते बघण्यासारखं आहे. ती म्हणते, तुम्हीच बायकांकडून जास्त चांगुलपणाची अपेक्षा करता, म्हणजे बाई मुळात अधिक चांगली आहे हे तुम्हीच कबूल केलंत.

तिसरी कॉन्स्टान्शिया मुंडा. ‘पिसाळलेल्या कुत्र्याचा इलाज’ हे पुस्तकाचं नाव, लॅटिन-ग्रीकची पखरण आणि शिव्या इतक्या जोरदार की स्वेटनम तिच्यापुढे सौम्य वाटावा. तिनेही त्याची उसनवारी उघडी पाडली आहे. या दोघी खरंच बायका होत्या की नाही हे ठरलेलं नाही. मला मुंडाच्या पुस्तकात एखादा विद्यापीठात शिकलेला तरुण दिसतो, पण तो माझा अंदाज.

दर्यावर्दी

एक मूलभूत शंका. रेचल ‘बरोबरी’ म्हणते खरी, पण पुरुष हा स्त्रीचं मस्तक आहे हे पौलाचं वचन ती मान्यच करते ना? आणि ग्रंथकीटकांनी सांगितलेला एस्तेरचा युक्तिवाद तर मला धोक्याचा वाटतो. बाई अधिक चांगली म्हणून तिच्यावर अधिक बंधनं, हे तर आजही ऐकू येतं. हा कैवार कसला? बेडी सोन्याची केली, एवढंच.

निळी शाई

दर्यावर्दी, एस्तेरच्या त्या मुद्द्याबद्दल तुमच्याशी सहमत. दुहेरी माप दाखवण्यापर्यंत ती अचूक आहे, पण पुढचं पाऊल चुकीच्या दिशेने पडतं.

रेचलबद्दल मात्र थोडं थांबा. ती ‘मस्तक’ नाकारत नाही, पण त्या मस्तकाला कामाला लावते. मस्तक म्हणजे जुलूम करण्याचा परवाना नाही, ज्याला जास्त दिलं त्याच्याकडून जास्त मागितलं जाईल, तुमची ताकद जास्त असेल तर ओझंही जास्त तुम्हीच उचला. १६१७ मध्ये, देवाच्या ग्रंथाबाहेर पाय टाकला की पाखंडी ठरण्याच्या काळात, एका अविवाहित मुलीने नाव देऊन इथपर्यंत जाणं मला थोडं वाटत नाही.

आणि यापुढे गेलेली बाई तिच्याआधीच होऊन गेली होती. एमिलिया लॅनियर, जन्म १५६९, वडील व्हेनिसहून आलेल्या दरबारी वादकांच्या घराण्यातले. १६११ मध्ये तिचा कवितासंग्रह छापला गेला. येशूच्या क्रूसावरच्या मृत्यूवर मोठं काव्य आहे आणि त्यात ‘हव्वेची कैफियत’ नावाचा भाग. ही कैफियत मांडते कोण? येशूला मृत्युदंड देणारा रोमन सुभेदार पिलात, त्याची बायको. मत्तयाच्या शुभवर्तमानात तिच्या वाट्याला एकच ओळ आहे: मला स्वप्न पडलं, या नीतिमान माणसाच्या वाटेला जाऊ नका, असा निरोप ती नवऱ्याला धाडते. लॅनियरने त्या एका ओळीतून पूर्ण वकीलपत्र उभं केलं. बाई वाचवायला सांगते आणि पुरुष मारायची शिक्षा देतो, तेव्हाच ती हव्वेचा विषय काढते. हव्वा अजाणतेपणी चुकली, प्रेमापोटी चुकली. तुम्ही देवाच्या पुत्राला जाणूनबुजून मारता आहात, मग मोठा गुन्हेगार कोण? आणि ज्ञानाची बढाई मारता? ते ज्ञान तर, मी माझ्या शब्दांत सांगते,

हव्वेच्या सुंदर हातून घेतलंत तुम्ही,
जसं घ्यावं एखाद्या विद्वान ग्रंथातून.

आणि मग थेट मागणी:

आमचं स्वातंत्र्य आम्हाला परत द्या,
आमच्यावर मालकी सांगू नका.
तुमचा अपराध मोठा; मग आम्ही जुलमावाचून
बरोबरीने राहिलो, तर सलतं कशाला?

इथे मस्तक-बिस्तक काही नाही. ‘परत द्या’ म्हणते ती, म्हणजे मुळात ते आमचंच होतं. मी हे वाचलं तेव्हा छापल्याचं साल पुन्हा पाहिलं.

माजघर

वाचताना सतत ताराबाई शिंदे डोळ्यांपुढे येत होत्या. १८८१ चा सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेवरचा बालहत्येचा खटला, त्यानंतर वर्तमानपत्रात समस्त बायकांवर उठलेली झोड, आणि १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाईंची ‘स्त्रीपुरुषतुलना’. तिथेही छापील निंदेला छापील उत्तर, तिथेही पोथ्यापुराणांचे दाखले उलटे फिरवलेले.

निळी शाई

माजघर, अगदी. ताराबाईंना या इंग्रज बायका ठाऊक असण्याचा काही पुरावा नाही, आणि तसं जोडायची गरजही नाही. पण वाद घालण्याची रीत तीच आहे. ताराबाईंवर तुम्हीच वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

प्रवासी पक्षी

एमिलिया लॅनियर म्हणजे शेक्सपिअरच्या सुनीतांमधली ‘सावळी स्त्री’ ना? कुठेतरी वाचलं होतं.

निळी शाई

हेच तर दुखणं आहे. १९७३ मध्ये ए. एल. राऊस या इतिहासकाराने तो शोध जाहीर केला. आधार सायमन फॉरमन या ज्योतिषी-वैद्याच्या नोंदवह्यांचा, ज्याच्याकडे लॅनियर सल्ल्याला जात असे. त्यातला एक शब्द राऊसनी ‘सावळी’ असा वाचला, पुढे लक्षात आलं की हस्तलिखितात तो तसा नाहीच. तरी १९७८ मध्ये त्यांनी तिच्या कविता छापल्या त्या ‘शेक्सपिअरच्या सावळ्या स्त्रीच्या कविता’ म्हणूनच. जिने ‘आमच्यावर मालकी सांगू नका’ असं लिहिलं, तिचं पुस्तक साडेतीनशे वर्षांनी दुसऱ्याच्या नावाच्या कुबडीवर उभं केलं गेलं. शेक्सपिअरशी तिचं नातं होतं याचा पुरावा नाही. कृपया तिला कवयित्री म्हणूनच वाचा.

तिच्याबद्दल जे पक्कं आहे ते कितीतरी मोलाचं आहे. नवरा वारल्यावर तिने १६१७ मध्ये, म्हणजे रेचलच्या पुस्तकाच्याच वर्षी, लंडनमध्ये सेंट जाइल्स भागात शाळा काढली. घरमालकाशी भाड्यावरून वाद झाला आणि दोन वर्षांत ती बंद पडली.

मास्तर

थोडी पार्श्वभूमी, चर्चेला उपयोगी पडेल म्हणून.

सही करता येते का, या निकषावर इतिहासकारांनी काढलेला अंदाज असा की १६४० च्या दशकात इंग्लंडमध्ये सुमारे ७० टक्के पुरुषांना आणि ९० टक्के बायकांना सही येत नव्हती. वाचायला आधी शिकवत आणि लिहायला नंतर, त्यामुळे वाचू शकणाऱ्या बायका याहून जास्त असणार. स्वेटनमची चोपडी आणि तिची उत्तरं त्यांच्या हाती पडत होती हे यातून समजतं.

कायद्यात लग्न झालेल्या बाईला वेगळं अस्तित्वच नव्हतं. १६३२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांविषयीच्या कायद्यांचं एक पुस्तक निघालं. त्यातच लिहिलंय की सगळ्या बायका एकतर लग्न झालेल्या किंवा व्हायच्या असं धरायचं.

आणि राजा. १६२० च्या जानेवारीत पहिल्या जेम्सने लंडनच्या पाद्र्यांना हुकूम दिला की रुंद टोप्या घालणाऱ्या, केस कापणाऱ्या, कमरेला खंजीर लावणाऱ्या बायकांविरुद्ध प्रवचनं करा. त्याच सुमारास पुरुषी बाईवर टीका करणारी एक चोपडी निघाली आणि लगेच तिला उत्तर. उत्तरातली बाई म्हणते, आम्ही पुरुषांइतक्याच जन्माने स्वतंत्र आहोत, आमची निवड तितकीच मोकळी, आमचं मन तितकंच मोकळं, आणि रूढी? रूढी मूर्ख आहे. अर्थात शेवटी ती माघार घेते: तुम्ही पुरुषांसारखे वागा, आम्ही बायकांसारख्या वागू. दर्यावर्दींना ते आवडणार नाही. तरी मधली ती पानं छापली गेली.

उत्तरेची वारी

मी उत्तर इंग्लंडमध्ये राहते, म्हणून राहवत नाही. लॅनियरने ज्या मोठ्या घरच्या बायकांना पुस्तक अर्पण केलंय त्यात मार्गारेट क्लिफर्ड आणि तिची मुलगी ॲन आहेत. कुकमच्या वाड्यावरची तिची कविता या मायलेकींबद्दलच आहे. त्या ॲनची गोष्ट इथे सांगायलाच हवी.

वडील १६०५ मध्ये वारले आणि जमीनजुमला मुलीला न देता भावाच्या नावे करून गेले. जुन्या दस्तऐवजांप्रमाणे वारस ॲन होती. आई आणि मुलगी दोघी लढल्या. नवरा, डॉर्सेटचा अर्ल, म्हणायचा की पैसे घे आणि दावा सोड. तिने ऐकावं म्हणून १६१६ मध्ये तिची लहान मुलगी तिच्यापासून दूर नेली. १६१७ च्या जानेवारीत तिला राजा जेम्ससमोर उभं केलं. राजा म्हणाला, माझ्यावर सोपवा. नवरा कबूल झाला. ॲनने सांगितलं, महाराजांनी क्षमा करावी, जिवंत असेपर्यंत कोणत्याही अटीवर मी वेस्टमोरलंडची माझी जमीन सोडणार नाही. हे तिने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय.

निकाल तिच्या विरुद्ध गेला. पण चुलतभाऊ मुलगा वारस न ठेवता वारला आणि १६४३ मध्ये सगळं तिच्याकडे आलं. स्किप्टनचा किल्ला तिने पुन्हा बांधून घेतला, ॲपलबीला गरीब विधवांसाठी घरं चालवली. ब्रूमजवळ रस्त्याच्या कडेला तिने १६५६ मध्ये उभारलेला एक खांब आहे: २ एप्रिल १६१६ ला तिची आणि आईची शेवटची भेट तिथे झाली होती. दर वर्षी त्या तारखेला गरिबांना चार पौंड वाटायची व्यवस्था तिने लावून दिली. खांबाशेजारचा दान वाटायचा सपाट दगड अजून आहे, मी हात लावून आलेय.

रेचल पुस्तकात बरोबरी मागत होती त्याच वर्षी ॲन राजाच्या तोंडावर नाही म्हणत होती. या दोघींचा एकमेकींशी काही संबंध आला नसेल, पण हे एकत्र वाचायला हवं.

वाटसरू

उत्तरेची वारी, फार सुंदर प्रतिसाद. निळी शाई, तुमचंही पटलं, निदान रेचलपुरतं. आता शेवटचा प्रश्न: परिणाम काय झाला? स्वेटनमच्या आवृत्त्या तर निघतच राहिल्या.

निळी शाई

हो, आणि रेचलचं ‘मुसकं’ तिच्या हयातीत पुन्हा छापलंही गेलं नाही. ते लपवण्यात अर्थ नाही. पण तीन गोष्टी सांगते.

एक, रंगभूमी. लंडनमधल्या रेड बुल या थिएटरात स्वेटनमवर नाटकच झालं, ते १६२० मध्ये छापलं गेलं. त्यात तो ‘मिसॉजिनॉस’, म्हणजे स्त्रीद्वेष्टा, या नावाने येतो, बायका त्याच्यावर खटला चालवतात आणि शेवटी त्याच्या तोंडाला खरोखर मुसकं बांधतात. रेचलच्या पुस्तकाचं नाव प्रेक्षकांसमोर असं उभं राहिलं.

दोन, येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘मुसकं’ची एक प्रत आहे, तिच्या समासात कुणीतरी त्याच काळात चिडून टिपणं लिहिली आहेत. अश्लील शेरे, टोमणे, रेचलच्या कौमार्यावर घसरलेली वाक्यं. हे टिपण करणारा स्वतः स्वेटनम असावा, उत्तराची तयारी करत असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. तो कुणीही असो, तिच्या मुद्द्यांना त्याच्याकडे मुद्दे नव्हते. आणि स्वेटनमचं प्रत्युत्तर छापून आलेलं नाही.

तीन, वाद तिथे थांबला नाही. बाथशुआ मेकिन, पहिल्या चार्ल्सच्या मुलीची शिक्षिका, १६७३ मध्ये मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडणारा निबंध लिहिते. विदुषी म्हणजे धूमकेतू, दिसला की अरिष्ट, असं लोक मानतात, हे तिचंच वाक्य. निबंधाच्या शेवटी तिच्या टॉटनममधल्या शाळेची जाहिरात आहे, वर्षाची फी वीस पौंड. मेरी ॲस्टेल १६९४ मध्ये बायकांसाठी विद्यापीठासारखी संस्था काढायचा प्रस्ताव मांडते, आणि विवाहावरच्या पुस्तकाच्या १७०६ च्या आवृत्तीत विचारते: सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र, तर सगळ्या बायका जन्मतः गुलाम कशा? तिथवर यायला नव्वद वर्षं लागली.

रेचलने स्वतः १६२१ च्या ऑगस्टमध्ये विल्यम प्रॉक्टर या धर्मोपदेशकाशी लग्न केलं. दोन मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत, मुलीचं नाव रेचलच. त्यानंतर तिचं एकही पुस्तक नाही. ज्या मुलीने ‘निरुत्साह’ला हरवलं होतं ती चोवीस-पंचवीस वर्षांची असताना छापील जगातून नाहीशी झाली, याचं मला फार वाईट वाटतं.

कोकणकन्या

शेवटचा परिच्छेद वाचून गप्प बसले. वाचायला सुरुवात कुठून करू? इंग्रजी ठीकठाक आहे, जुनं इंग्रजी नाही.

निळी शाई

लॅनियरची ‘हव्वेची कैफियत’ आधी घ्या, थोडीच कडवी आहेत आणि यमकं धरून पुढे नेतात. मग रेचलच्या पुस्तकातला चार कारणांचा भाग. आधुनिक स्पेलिंगमधली आवृत्ती मिळाली तर उत्तमच, नाहीतर मूळ पानांवर व्ही आणि यू ही अक्षरं एकमेकांच्या जागी येतात, एवढं लक्षात ठेवलं आणि मोठ्याने वाचलं की अर्थ लागतो. बायबलचे संदर्भ अडले तर मराठी बायबलमधलं उत्पत्तीचं दुसरं-तिसरं प्रकरण शेजारी उघडून ठेवा. सॉवरनम त्यानंतर. मुंडा सगळ्यात शेवटी, तिचे लॅटिन तुकडे सरळ गाळून वाचले तरी चालतं. अडलं तर इथेच विचारा, ग्रंथकीटक आणि मी दोघंही आहोत.